मागं ऐकू येतंय का?

"मागं ऐकू येतंय का?"

गाणं सुरू करण्याआधी बुवा डावा हात कानामागे धरत, टाचा उचलत आणि हा प्रश्न विचारत. समोर पाचशे माणसं असोत नाहीतर पाच. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन पुढे निघून गेला, तर त्यालाही हाच प्रश्न. तुमच्यापैकी कुणी भोसरीच्या कारखान्यांत दिवस काढले असतील, तर त्यांनी तो एकदा तरी ऐकला असेल. बुवांची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी होती. आवाज मात्र प्रेस मशीनच्या दणक्याला ओलांडून पलीकडच्या शेडमध्ये जायचा.

ते मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. आम्ही एकाच प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं शेजारी शेजारी उभे होतो. गाणी ते स्वतःच रचत. चुकलेल्या कंपनी बसवर, पहिल्या पाळीवर, रुसलेल्या बायकोवर. 'कँटीनच्या डाळीत मारली बुडी, तळाशी गावली डाळ' हे त्यांचं गाणं मॅनेजरसुद्धा गुणगुणायचे, आणि डाळ तशीच राहायची.

पुढे मी व्हीआरएस घेतली आणि भोसरीत मोबाईलचं दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं होतं, 'रिचार्ज मारून मिळेल. गाणी भरून मिळतील.' तेव्हा लोक मेमरी कार्ड देऊन चहाला जात आणि परत येईपर्यंत कार्ड गाण्यांनी गच्च भरलेलं असे. गाणी कुणाची, कुणाला विचारून भरली, हे कोणी विचारत नसे. मीही स्वतःला विचारलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीने आम्हा जुन्या माणसांनाही बोलावलं. मशीन धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बुवा गायला उभे राहिले. मी सगळ्यात मागे, नवाकोरा मोबाईल वर धरून रेकॉर्डिंग करत होतो. बुवांनी टाचा उचलल्या.

"मागं ऐकू येतंय का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकू येतंय बुवा, पण दिसत न्हाई! क्रेटवर चढा!"

अख्खं शॉप हसलं. बुवांनी सुट्या भागांचा एक प्लास्टिकचा क्रेट मागवला, पालथा घातला, वर चढले आणि म्हणाले, "आता मी दिसतोय. आता तुमचं काय खरं न्हाई." आणि असे गायले, की पूजेला आलेले मोठे साहेब प्रसाद हातात धरून उभेच राहिले.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने बुवांची सीडी काढली. तीच गाणी, पण स्टुडिओत, तबला-पेटीसकट. पहिली सीडी बुवांनी पेढ्यांबरोबर माझ्या दुकानात आणली. "शेठ, दर्शनी लावा." दुकान टाकल्यापासून ते मला शेठ म्हणत. मी ती दोऱ्याने काउंटरवर टांगली.

पण गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "ती क्रेटवाली गाणी टाका." माझं खंडेनवमीचं रेकॉर्डिंग मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवलं होतं. माझ्याकडून ते शेजारच्या दुकानात गेलं, तिथून चाकणला, आणि कंपनीच्या बसमधून ब्लूटूथने या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये. सीडी दोऱ्याला फिरत राहिली.

एका दुपारी बुवा आले. "शेठ, माझी सीडी कुणी विचारतं का वो?"

त्याच क्षणी माझ्या कॉम्प्युटरवर कुणाचं तरी कार्ड भरत होतं. हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि गाणी बुवांचीच होती. मी स्क्रीन हळूच भिंतीकडे वळवली.

"न्हाई बुवा. कुणीच विचारत न्हाई."

सीडी खरंच कोणी विचारत नव्हतं. म्हणून ते वाक्य बोलायला इतकं सोपं गेलं.

सीडीवाल्या कंपनीने ठरलेली दुसरी सीडी रद्द केली. सीडी पडली ती आवाजामुळेच, असं बुवांनी मनाशी धरलं. ताक सोडलं. मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. दिवसभर ज्येष्ठमध चघळत. "कमी माझ्यातच हाय कुठंतरी," म्हणत. आणि मी काय केलं? काष्ठौषधीच्या दुकानातून चांगल्या प्रतीचा ज्येष्ठमध आणून दिला! दोन वर्षं बुवा कुठेही गायले नाहीत. बारशाला कोणी आग्रह केला, तरी गळ्याकडे बोट दाखवून गप्प बसत.

मग मस्कतहून फोन आला. तिथल्या मराठी मंडळाला त्यांचा कार्यक्रम हवा होता. चाकणचा कोणी ड्रायव्हर नोकरीला तिकडे गेला होता, खिशात कार्ड घेऊन.

"शेठ, ते म्हणत्यात, तिथं समद्यांना माझी गाणी पाठ हायत," बुवा चक्रावून सांगत होते. "सीडी तर खपली न्हाई. मग पाठ कशी झाली?"

"कलेला पाय असतात बुवा," मी म्हणालो. इतकं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

बुवांनी पासपोर्टच्या फोटोलासुद्धा टाचा उचलल्या. विमानात हवाईसुंदरी सूचना द्यायला उभी राहिली, तेव्हा तिने न विचारताच मागून ओरडले, "येतंय, येतंय ऐकू!"

परत आले ते खजुराचा डबा घेऊन. दुकानात बसायला मी एक क्रेट ठेवला होता, त्यावर बसून सगळं रंगवून सांगितलं. "हॉल फुल्ल. मी उभा राहिलो. म्हणलं, मागं ऐकू येतंय का? तर शेठ, सगळा हॉल एका दमात वरडला, ऐकू येतंय बुवा, पण दिसत न्हाई, क्रेटवर चढा!"

स्टुडिओतल्या सीडीत ते वाक्य नव्हतं. ते फक्त माझ्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, आणि माझ्याच आवाजात होतं.

"त्यांना वाटतं ते गाण्यातच हाय," बुवा म्हणाले. "एकानं इचारलं, तो पहिला आवाज कुणाचा? म्हणलं, हाय एक आपला माणूस."

डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "खावा. बी काढून खावा."

तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. बुवा जोरात गायला लागले, आणखी एकदा मस्कतला जाऊन आले. ज्येष्ठमध सुटला, ताक सुरू झालं. इकडे असले की रोज संध्याकाळी सहाला दुकानाच्या पायरीवर उभे राहत. "शेठ, मागं ऐकू येतंय का?" मी आतून ओरडायचो, "ऐकू येतंय, पण दिसत न्हाई!" ते हसत, जरा वेळ तिथेच थांबत, मग आत येऊन क्रेटवर बसत. मला वाटे, पायरी चढून दम लागत असेल.

गेल्या वर्षी बुवा गेले. शोकसभेत एक वक्ता म्हणाला, "लोकांनी त्यांच्या सीडीची कदर केली नाही." मी पहिल्या रांगेत होतो. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्यानेच मला पुढे झोप लागू दिली नाही.

महिन्याभराने मोशीला बुवांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "वहिनी, बुवांची सीडी मी बुडवली. गाणी मी वाटली, आणि कुणीच विचारत नाही, असं त्यांना खोटं सांगितलं."

त्यांनी मेथी खाली ठेवली नाही. "ठावं हाय भाऊजी. मस्कतवरनं आल्याआल्याच म्हणाले, आवाज शेठचा हाय."

"मग मला काहीच का बोलले नाहीत?"

"म्हणायचे, त्याचं त्याला बोलू दे. रोज इचारून तर येतो." वहिनी हसल्या. "बसा. मेथीची भाजी खाऊन जावा."

दुकान मी आता बंद केलं आहे. गाणी भरून घ्यायला कोण येतो? क्रेट घरी आणून दाराशी ठेवला आहे. बुवांचं ते रेकॉर्डिंग अजून या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतं. परवा नातसुनेच्या मोबाईलवरही आलं. बुवा विचारतात आणि मागून माझा मिजासखोर आवाज उत्तर देतो.

सहा वाजले की मी दाराकडे बघून पुन्हा उत्तर देतो. आता पुढची थट्टा जोडत नाही.

ऐकू येत होतं, बुवा. सगळं ऐकू येत होतं.