पैशाला लागलेलं कुंकू

पोस्टकार्डाला टिचकी मारली आणि कार्डासकट पैसा थेट इन्स्पेक्टरसाहेबांच्या कोटावर जाऊन आदळला.

स्वातंत्र्याच्या आधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. कोरेगावजवळच्या एका हायस्कुलात मी सायन्स शिकवत होतो, प्रोबेशनवर. नोकरी कायम करायची की मला घरी पाठवायचं, हे त्या दिवशीच्या इन्स्पेक्शनवर ठरणार होतं. वडिलांनी गुऱ्हाळावर माझी जागा राखूनच ठेवली होती.

प्रयोग साधा. पेल्यावर पोस्टकार्ड, कार्डावर तांब्याचा पैसा. टिचकीनं कार्ड उडतं, पैसा खाली पेल्यात पडतो. थांबलेली वस्तू बाहेरून जोर लागेपर्यंत थांबूनच राहते, हा न्यूटनचा पहिला नियम. वर्गात मी तो पन्नासदा करून दाखवला होता.

पण आमचे हेडमास्तर रीतीचे पक्के. दसऱ्याला तराजू-अवजारं पुजतात, तशी साहेब येणार म्हणून त्यांनी प्रयोगाच्या साहित्याची पूजा करवली. शंकर शिपायानं पैशाला वर-खाली कुंकू लावून तो कार्डावर मांडला. मी पुसायला गेलो.

"हात लावू नका, मास्तर. पुजलेलं पुसतात होय? आजच्या दिवशी अपशकुन नको," हेडमास्तर म्हणाले.

मला नोकरी हवी होती. हात मागे घेतला.

साहेबांनी कोटावरचा लाल डाग पाहिला. "हा न्यूटनचा कितवा नियम?"

गुऱ्हाळाचा धूर अगदी नाकाशी आला.

मागच्या बाकावरचा धोंडिराम उठला. सोळा वर्षांचा, एरवी तोंड न उघडणारा. त्यानं कार्ड उचलून निरखलं.

"सायेब, नियम बराबर हाय. पैसा कार्डाला चिकाटला हुता. कार्डानं त्याला वडून न्हेला. त्योच बाहेरचा जोर. न्हाईतर पडला आस्ता की प्याल्यात."

"कुंकवानं चिकटला?"

"खळ हाय जी त्यात," दारातून शंकर अभिमानानं म्हणाला. "नोटिसा चिकटवायची. कुंकू वाळून झडाय नगं म्हून घातली."

साहेबांनी पैसा धुऊन आणायला लावला आणि टिचकी स्वतः मारली. पैसा टणकन पेल्यात. मग आणखी दोनदा मारली. जाताना शेरा लिहिला: 'विद्यार्थी कारण शोधतात. शिक्षकास कायम करावे.' तो वाचताना मला रडूच आलं.

"बघितलंत पूजेचं फळ?" हेडमास्तर म्हणाले.

पुढे हेडमास्तर बदलले, पूजा राहिली. मी रिटायर होईपर्यंत दर इन्स्पेक्शनला ती मनोभावे होऊ दिली, आणि खिशात एक दुसरा पैसा ठेवला.