पिकेटवरचा माणूस

नवा माणूस भेटला की नाव विचारण्याआधी आमचे इंग्रजीचे मास्तर विचारायचे, "गाव कुठलं?" इंग्रजी शब्दांचीही त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती.

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते लोअर परळच्या आमच्या गिरणीत, कापडखात्यात लागले होते. संध्याकाळी वरळीच्या बीडीडी चाळीत आम्हा सात-आठ कामगारांना इंग्रजी शिकवायचे. व्याकरणाच्या वाटेला फारसे जात नसत. बहुधा ते त्यांनाही येत नसावं. शब्दांवर मात्र भारी जीव.

'पिकेट' त्यांचा विशेष लाडका. मूळ फ्रान्सचा, अर्थ टोकदार खुंटा. पलटणीचे घोडे अशा खुंट्यांना बांधत. पुढे छावणीबाहेर पहारा देणाऱ्या शिपायांना तेच नाव पडलं, आणि नंतर संपात गिरणीच्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या कामगारांनाही. "म्हणजे खुंट्याला बढतीच मिळाली," मी म्हणालो. ते हसले नाहीत. "बदली आल्याशिवाय पिकेटवरचा माणूस हलत नाही," एवढंच म्हणाले.

संयुक्त महाराष्ट्रासाठी संप झाला तेव्हा फाटकावरच्या पाळ्या त्यांनीच लावल्या. सकाळी ते, बारा वाजता मी. अकराच्या सुमाराला फोर्टकडे गोळीबार झाल्याची बातमी चाळीत आली. मी घाबरलो. सरळच सांगतो, दाराला कडी लावून खोलीत बसून राहिलो.

साडेबाराला चाळीतले एक शेजारी फाटकावर निरोप घेऊन गेले. मोर्चात गेलेल्या मास्तरांच्या मुलाला गोळी लागली होती, इस्पितळात नेलं होतं. सगळे म्हणाले, तुम्ही जा, आम्ही उभे राहतो. संपाच्या पहाऱ्याला असला कडक नियम कुणीच लावत नसे. त्यांनी लावला.

"माझी बदली ठरलीय," ते म्हणाले. "माझ्या वर्गातला आहे. येईल."

मी दोनला पोचलो. त्यांनी जागा माझ्या ताब्यात दिली आणि मगच ते धावत सुटले. ते इस्पितळात पोचण्याच्या पाऊण तास आधी मुलगा गेला होता.

तेराव्यानंतर वर्ग पुन्हा सुरू झाला. मला उशीर का झाला, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. चाळीत कुणी विषय काढलाच तर तेच मध्ये पडून म्हणायचे, "रस्ते बंद होते रे त्या दिवशी."

पुढच्या वर्षी ते कोकणात गेले आणि तिथेच वारले. त्यांना खरं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. आणि सांगायचं तरी काय? रस्ता उघडा होता हे त्यांना ठाऊकच होतं. मुलाचा निरोप त्याच रस्त्याने चालत आला होता.