अन्वीचं रडणं आणि आमच्या म्हशीचं दूध

"हिला येते ती फिट नाही," डॉक्टर म्हणाले, "ब्रेथ होल्डिंग स्पेल आहे." म्हणजे रडता रडता लहान मुलाचा श्वास अडतो, ओठ निळे पडतात, मूल क्षणभर बेशुद्ध होतं आणि श्वास आपोआप परत येतो. मूल हे मुद्दाम करत नाही.

मी पुन्हा विचारून खात्री केली. कारण घरात फिट हाच शब्द पक्का झाला होता.

अन्वी, माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होती. मी भाकरी थापत होते, तिनं परात ओढली, मी काढून घेतली. ती जोरात रडली आणि आवाजच बंद झाला. निळी पडली. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. श्वास आला. श्रेय कांद्याला मिळालं.

तेव्हापासून अन्वीला रडू द्यायचंच नाही, असं ठरलं. चाळिशीत झालेली एकुलती एक, सगळेच धास्तावलेले. तोंड वाकडं केलं की मोबाईल, नाहीतर दूध. दारात म्हशी, दुधाला तोटा नाही. भाकरीला ती तोंड लावत नसे. दिसायला गुटगुटीत, पण निळी पडणं वाढतच गेलं.

म्हणून कुरुंदवाडहून कोल्हापूरला या डॉक्टरांकडे नेलं. ईईजी झाला. यात डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. दुखत नाही, पण मूल झोपलेलं लागतं. आमचं झोपेना. शेवटी झोपलं, आलेख नॉर्मल आला. रक्तात मात्र हिमोग्लोबिन फार कमी.

"दूध किती पिते?"

"पाण्यासारखं," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

"तिथंच घोटाळा आहे, आजी. पोट दुधानं भरतं, जेवण जात नाही. दुधात लोह नसल्यातच जमा. ते कमी पडलं की हे झटके वाढतात. मेंदूच्या वाढीलाही लोह लागतं."

"मग म्हशी काय ओवाळायला पाळल्यात व्हय?"

"तुम्ही प्या की."

लोहाचं औषध दिलं. दुसरी सूचना जास्त अवघड होती. तिला रडू द्या. जवळ बसा, 'तुला राग आलाय' असं सांगा, पण एकदा नाही म्हटलं की नाही. श्वास अडला तर कुशीवर झोपवा, नाकातोंडाशी काही धरू नका. मिनिटभरात शुद्ध आली नाही, किंवा न रडता असं झालं, तर लगेच दवाखान्यात आणा.

त्याच संध्याकाळी तिनं विळी मागितली. दिली नाही. ती निळी पडली. सासूबाई कांदा घेऊन धावल्या, मी हात आडवा घातला.

"पोरगी जाईल की गं!"

मी तिला कुशीवर झोपवलं आणि थांबले. थांबण्याखेरीज काही करायचं नसतं, हेच कठीण आहे. सासूबाईंनी कांदा खाली ठेवला. ते सोपं नव्हतं, त्याचे उपकार मी मानते. श्वास आला. मग ती माझ्या मांडीवर बराच वेळ रडली. "तुला राग आलाय," मी म्हटलं. मलाच वेड्यासारखं वाटलं.

दूध कमी केलं, भाकरी-भाजी सुरू झाली. झटके विरळ होत थांबले. वयानुसारही थांबतात, असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे सगळं आम्हीच केलं असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे असं झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि मुलाच्या रडण्याला भिऊ नका.

परवा म्हशीनं लाथ मारून बादली उलटी केली. सासूबाईंनी गोठा डोक्यावर घेतला. अन्वी दारात उभी होती.

"आज्जी, तुला राग आलाय."

"आलाय. मग?"

"बस हितं."

सासूबाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. दोघी सांडलेल्या दुधाकडं बघत राहिल्या.