वादी अदाईतला बहिरा

मस्कतच्या वादी अदाई भागात एसी दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या जमाल मुकादमसारखे तिखट कान अख्ख्या मस्कतमध्ये शोधून सापडायचे नाहीत. गिऱ्हाइकाने घरबसल्या मोबाइल नुसता एसीजवळ धरावा, हा इकडून सांगतो, "काँप्रेसर ठीक है भाई, पंखा घासता है. कल आता हूँ, इन्शाल्ला." आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघावं तर पंखाच घासत असतो. असा हा माणूस भारतात, आपल्या महापालिकेच्या दप्तरी, दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे. त्या बहिरेपणाचं पेन्शन त्याच्या खात्यात दर महिन्याला बिनबोभाट जमा होतं.

आता हे पाप जमालने एकट्याने केलेलं नाही. तो महापालिकेच्या पंपहाऊसमध्ये होता. साहेबाशी वाजलं आणि त्याची बदली शहराबाहेरच्या टाकीवर झाली. मामाने मस्कतचा व्हिसा तयार ठेवला होता, तेव्हा हा राजीनामा लिहून मोकळा होणार होता. पण मध्येच भेटले वॉर्डाचे नगरसेवक धनंजयभाऊ.

"राजीनामा कसला देतोस येड्या? बहिरा हो," भाऊ म्हणाले. "पंपाच्या आवाजाने माणूस बहिरा होतोच. पेन्शन घेऊन जा. फक्त मोहल्ल्याची मतं तेवढी सांभाळ."

वैद्यकीय तपासणीच्या दिवशी जमालच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे आपटला गेला. दारातला शिपाई दचकला, पण जमालची पापणी लवली नाही. त्याहून कठीण परीक्षा कोणी घेतलीच नाही, कारण भाऊंचा फोन आधीच येऊन गेला होता. मोहल्ल्याने मतं दिली, जमाल विमानात बसला आणि सगळं कसं सुरळीत झालं.

घोटाळा एकाच ठिकाणी झाला. जमालची मोठी बहीण कुलसुम शहराच्या मासळी बाजारात बसते. आई गेल्यावर जमालला हिनेच वाढवलं, आणि बाजारातली आईची जागाही हिनेच राखली. तिला खरं सांगावं असं जमालच्या फार मनात होतं. पण सकाळी कुलसुमला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पापलेटाबरोबर शहरभर घरोघर पोचते. म्हणून त्याने तिला एवढंच सांगितलं, की मोठ्याने ओरडलं तर थोडं कळतं. परिणाम असा की तिचा फोन आला की बिचारी घसा फाडून ओरडायची आणि जमाल मोबाइल हातभर लांब धरायचा. ती गुडघ्यांचं दुखणं ओरडून सांगे, शेजारणीच्या सुनेचे प्रताप ओरडून सांगे. ओरडून ओरडून दमली की फोन ठेवण्याआधी स्वतःशीच हळू म्हणे, "एकदा ये रे मेल्या. तोंड तरी दाखव."

जमालला ते लख्ख ऐकू यायचं. पण अशा बहिऱ्याला पुटपुटणं कसं ऐकू येणार? तो म्हणायचा, "काय? ऐकू नाय आलं आपा. ठेवतो." गावी जायचं तर दिवसरात्र बहिरं राहायला हवं, आणि बहिणीच्या घरात ते आपल्याला एक दिवसही जमणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो गेलाच नाही.

यंदा महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि धनंजयभाऊंचे बॅनर चौकाचौकात झळकले, 'भावी महापौर'. महापौर निवडतात नगरसेवक, हे खरं. पण त्यासाठी भाऊंचं अख्खं पॅनल आधी निवडून यायला हवं होतं, आणि मोहल्ल्याचे अर्धे कमावते पुरुष मस्कतमध्ये. घरच्या बाया मत कुणाला देतात? मस्कतहून फोनवर सांगितलं जाईल त्याला. म्हणून भाऊंनी मस्कतला येऊन एका शुक्रवारी दुपारी कुरुम भागातल्या एका हॉलमध्ये स्नेहमेळावा ठेवला. बिर्याणी होती, शाली होत्या, आणि सोबत रमणशेठ नावाचे बिल्डर होते.

हॉलमधल्या निम्म्या लोकांचे एसी जमालने फोनवर ऐकून दुरुस्त केलेले. पण परदेशात आपल्या माणसाची भानगड कोणी उघडी करत नाही. भाऊंनी त्याला शेजारी बसवून कानात बोंब ठोकली, "कसा आहेस जमाल?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घालून बिर्याणीतली हाडं शोधायला घेतली. जमालच्या यासिर नावाच्या सोबत्याला तर ठसकाच लागला.

भाऊंना मात्र हसू आलं नाही. आजवर त्यांनी कागदोपत्री इतक्यांना आंधळं, लंगडं आणि बहिरं केलं होतं, की त्यातला खरा कोण आणि खोटा कोण, हे त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं.

"बोला बिनधास्त," ते जमालच्या ताटावरून वाकून रमणशेठना म्हणाले. "हा ठार बहिरा आहे. मीच पेन्शन मिळवून दिलंय."

"मासळी बाजाराचं काय?"

"महापौर झालो की लगेच बुलडोझर. तोवर बायकांना नूतनीकरण सांगायचं. कुलसुम म्हणून एक म्हातारी आहे, तीच सगळ्यांना धरून बसलीय. पुढची जागा देतो म्हणून आधी तिचा अंगठा घ्यायचा. मग सगळ्यांनाच रस्ता दाखवू."

जमालने हातातला घास परत ताटात ठेवला. कुलसुम ही आपली बहीण, हेसुद्धा हा माणूस विसरला होता. बोलावं तर पेन्शन जाणार, वर गुन्हाही दाखल व्हायचा. म्हातारपणाला तेवढाच आधार होता. गप्प बसावं, तर ज्या जागेवर बसून तिने आपल्याला भरवलं, ती जागा जाणार.

तेवढ्यात भाऊ माईकवर गरजू लागले, "मासळी बाजाराच्या एका विटेलाही मी हात लावू देणार नाही!" टाळ्या झाल्या. मग त्यांनी जमालला पुढे बोलावून शाल घातली. "ह्याचे कान गेले, तेव्हा पाठीशी कोण उभं राहिलं?" असं विचारून माईक त्याच्या तोंडाशी धरला.

जमालने माईक घट्ट पकडला. "भाऊ," तो म्हणाला, "मघाशी बिर्याणी खाताना रमणशेठना बुलडोझरचं सांगत होतात, ते इथं सांगा ना. इथं बऱ्याच जणांच्या आया-बहिणी त्या बाजारात बसतात."

भाऊ लालबुंद झाले. "खोटारडा! सरकारी पैसा लुबाडतोय हा! ह्याला सगळं ऐकू येतं!"

"येतं ना?" यासिर मागून उठला. "मग ऐकलेलं खरंच असणार. खलास!"

पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. जो तो मोबाइल कानाला लावून घरी मतांचा नवा निरोप देत बाहेर पडला. भाऊ "पेन्शन बंद करतो" म्हणून ओरडत राहिले. जमाल शाल खुर्चीवर ठेवून पार्किंगमध्ये आला आणि त्याने बहिणीला फोन लावला.

"बोल रे बहिऱ्या!" कुलसुम ओरडली.

"आपा, हळू बोल. मला ऐकू येतं."

"काय? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मग कुलसुमने त्याला ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकायला मोबाइल पुन्हा हातभर लांब धरावा लागला. त्याने मध्ये मध्ये बाजाराचं सांगितलं, पेन्शन जाणार तेही सांगितलं.

"जाऊ दे. हरामाचं होतं ते," ती म्हणाली. "बाजाराचं मी बघते. येऊ दे तो अंगठा घ्यायला, माझा कोयता तयार आहे." मग ती एकदम थांबली. "म्हणजे फोन ठेवताना मी बोलायची ते..."

"ऐकायचो."

"दर वेळी?"

"दर वेळी, आपा."

मग इतक्या हळू, की ते कळायला जमालचेच कान हवेत, तिने विचारलं, "मग आला का नाहीस?"

'ऐकू नाय आलं' म्हणायची सोय आता उरली नव्हती.