मेटकाफबाईंचे घर आणि जयसिंगपूरचे पाहुणे

शाहूपुरीत गणपतराव सासने यांची प्रवासी कंपनी होती. काशी-रामेश्वरच्या यात्रांपासून सुरुवात करून नव्वदच्या दशकात ते सिंगापूर आणि युरोपपर्यंत पोहोचले होते. त्यांचे धंद्याचे गणित सरळ होते. माणूस कितीही लांब गेला तरी त्याला शेजारच्या सीटवर आपल्या गावचा माणूस लागतो आणि ताटात आमटी-भात लागतो. म्हणून एक बस, एक गाईड आणि इथूनच नेलेला आचारी, एवढ्यावर त्यांच्या सहली चालत आणि चांगल्या चालत.

त्या कचेरीत १९९४ साली कालिंदी सबनीस नोकरीला लागल्या. माहेर-सासर दोन्हीकडे शिक्षकांची घरे. इंग्रजी उत्तम, अक्षर नीट, आवाज शांत. सुरुवातीला त्यांच्याकडे व्हिसाची कागदपत्रे तपासण्याचे काम होते. सहलीहून परतलेली मंडळी पेढे घेऊन कचेरीत येत, तेव्हा कालिंदीबाई त्यांच्याशी बोलत बसत. एकदा निवृत्त प्राध्यापकांचे एक जोडपे आले. इंग्लंड कसे वाटले, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "रोज पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवा, एवढंच ऐकलं बघा. हिरव्या टेकड्या दिसल्या, पण काचेतनं."

ते वाक्य कालिंदीबाईंच्या मनात राहिले. त्यांनी मुंबईहून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील छोट्या हॉटेलांची माहितीपत्रके मागवली. कुठे जुनी पाणचक्की, कुठे पाद्र्याचे जुने घर, कुठे घोडागाड्यांच्या काळातली सराई. पाच-सहा खोल्या, मागे बाग, मालक तिथेच राहणारा. फोटो सगळ्यांचे सुंदर होते, आणि अडचण तिथेच होती. फोटोवरून निवड करायची तर सगळीच घरे चांगली.

इथे त्यांच्या उपयोगी पडली त्यांची आत्या. मंगळवार पेठेतल्या बाळाबाई लग्ने जुळवण्यात नावाजलेल्या होत्या. स्थळ बघायला गेल्या की त्या खोल्या मोजत नसत, शेतीही विचारत नसत. चहा पिता पिता सहज म्हणत, "तुमच्यात सकाळी पहिलं कोण उठतं?" उत्तर ऐकले की त्यांना ते घर कळे. सासू उठते की सून, की गडीमाणूस, की कोणीच वेळेवर उठत नाही, यावर त्या मुलगी द्यायची की नाही हे सांगत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

कालिंदीबाईंनी हाच प्रश्न इंग्लंडला फोन करून विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे दुपार असते, त्या निवांत वेळी त्या फोन लावत. एका महालवजा हॉटेलचा व्यवस्थापक म्हणाला, सकाळच्या पाळीचे कर्मचारी येतात. ते हॉटेल बाजूला पडले. एका सराईचा मालक हसून म्हणाला, आमच्याकडे रात्रीच इतकी उशिरा संपते की पहिले कोण उठते हे मलाच ठाऊक नाही. ती सराई त्यांनी तरुण जोडप्यांसाठी राखून ठेवली. एका आजोबांनी आपल्या गुडघेदुखीपासून कोंबड्यांपर्यंत सगळे सांगितले. त्यांच्याकडे कालिंदीबाईंनी त्या प्राध्यापक जोडप्याला पुन्हा पाठवले. दोघे आठ दिवस राहून, वजन वाढवून परत आले.

गणपतराव हे सगळे पाहत होते. अडवत नव्हते, पण मानतही नव्हते. "तुमची ही घरगुती सोयरीक एक-दोघांना ठीक हाय," ते म्हणत. "खरं गिऱ्हाईक बसनंच जाणार."

मग १९९९ च्या उन्हाळ्यात मल्लाप्पा आण्णा आले. जयसिंगपूरचे भुसार मालाचे मोठे व्यापारी, लिंगायत, साठी ओलांडलेले. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बरोबर गौराबाई. त्यांची डॉक्टर मुलगी सौंदर्या लीड्सच्या एका रुग्णालयात शिकत होती. ती वसतिगृहात राही, तिथे आईवडिलांना ठेवता येत नव्हते. जवळपास कुठेतरी पंधरा दिवस राहायचे आणि सुटीच्या दिवशी लेकीने येऊन भेटायचे, असा बेत होता.

"बसचं काय ते सांगू नका," आण्णा खुर्चीत बसता बसताच म्हणाले. "सकाळी अंघोळ, मग हातावर लिंग घेऊन पूजा. ती झाल्याबिगर आम्ही दोघं पाणीसुदीक घेत न्हाई. तुमची बस काय आमच्यासाठी थांबती व्हय?"

"आचारी आहे की बरोबर, आण्णा," गणपतराव म्हणाले.

"आचाऱ्याला घेऊन काय करू? पूजेला निवांत जागा पायजे, सैपाकघरात मटण-मच्छी नको, खाली दारूचं दुकान नको. असलं घर तिथं मिळतंय का बघा. न्हाईतर लेकीलाच हिकडं बोलावतो."

गौराबाई हळूच म्हणाल्या, "तिला यायला सुट्टी न्हाई. दोन वर्सं झाली बघून."

"मी बघते, काकू," कालिंदीबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर गणपतरावांनी केबिनचे दार लावले. "कालिंदीबाई, आण्णांच्या शब्दावर जयसिंगपूरचा निम्मा बाजार चालतो. ती माणसं उपाशी नाहीतर रागावून परत आली, तर तुमचं हे इंग्लंडचं काम त्या दिवसापासून बंद. मग तुम्ही आणि व्हिसाचे कागद. चालेल?"

"चालेल," कालिंदीबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे कित्येक दिवस संध्याकाळी कचेरीतले दिवे उशिरापर्यंत जळत राहिले. इंग्लंडच्या सराया म्हणजे तळमजल्यावर बार हे ठरलेलेच, त्यामुळे त्या सगळ्या बाद. शाकाहारी म्हणवणारी काही घरे निघाली, पण न्याहारीच्या वेळेबाबत ताठर. शेवटी यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात, लीड्सहून दीड-दोन तासांवर, दगडी घर असलेल्या मिसेस मेटकाफ सापडल्या. चार खोल्या पाहुण्यांना देत. घरात मांस शिजत नव्हते, दारू नव्हती. कालिंदीबाईंनी आत्याचा प्रश्न विचारला.

"मीच," त्या बाई म्हणाल्या. "माझ्याआधी या घरात कोणी उठत नाही. शेगडी मी पेटवते, मग माझे लोक उठतात."

कालिंदीबाईंना हवे होते तेच हे उत्तर. पूजा होईपर्यंत न्याहारी थांबेल, अंड्यांचे भांडे वेगळे राहील, खिडकीशी एक पाट ठेवला जाईल, असे सगळे त्यांनी बोलून घेतले. आण्णा-गौराबाईंना निरोप देताना त्या मुद्दाम म्हणाल्या, "हॉटेल समजू नका, काकू. घरच आहे ते. घरासारखं राहा."

आण्णांना तिकडे जाऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले असतील. दुपारच्या डब्याची वेळ व्हायची होती, तेवढ्यात कचेरीतला फोन वाजला. मिसेस मेटकाफ बोलत होत्या, आणि आवाज चढलेला होता.

"तुमच्या पाहुण्याबाई काल आणि आज माझ्याआधी उठल्या. मी खाली आले तर स्वयंपाकघर झाडलेलं, शेगडी पुसलेली, आणि शेगडीवर पांढरे तीन पट्टे ओढलेले. माझ्या घरात मी पाहुण्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही. त्यांना दुसरी जागा बघून द्या."

कालिंदीबाईंच्या सगळे लक्षात आले. त्यांनी घर पारखले होते, पण पाहुणी पारखायची राहिली होती. जयसिंगपुरात आण्णांच्या घरी पंधरा-वीस माणसांत रोज पहिल्या उठणाऱ्या गौराबाईच असणार. दोन्ही घरच्या पहिल्या उठणाऱ्या बायका त्यांनी एकाच शेगडीसमोर नेऊन उभ्या केल्या होत्या. बाळाबाई आत्यांनी असले स्थळ कधीच जुळवले नसते.

गणपतराव केबिनच्या दारात येऊन उभे होते. "काय झालं?"

कालिंदीबाईंनी रिसिव्हरवर हात ठेवून थोडक्यात सांगितले.

"लीड्समध्ये मोठं हॉटेल बघा," ते म्हणाले. "गुजराती थाळी मिळेल असं. लगेच हलवा. सांगत होतो मी."

"एक मिनिट द्या," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि फोनवर गौराबाईंना बोलवायला सांगितले.

"काकू, मी कालिंदी. सकाळी सैपाकघरात गेला होता?"

"व्हय की. तूच म्हणालीस, घरासारखं ऱ्हावा. मग घरात बाई उजाडेस्तोवर पडून ऱ्हाती व्हय? ती एकटी बिचारी एवढ्या माणसांचं करती. मी झाडून काढलं, शेगडीला इभूत लावली. चुलीला इभूत न लावता मी कधी भांडं ठेवलं न्हाई."

"चूक माझी आहे, काकू. त्या घरात पहिलं उठायचा मान त्यांचा आहे. तुम्ही त्यांच्याआधी उठलात की त्यांना वाटतं, त्यांच्या घराला त्या पुऱ्या पडत नाहीत."

"असं हाय व्हय," गौराबाई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या सुनंनं माझ्याआधी उठून शेगडी पेटवली आसती, तर मी बी तोंड फिरवलं आसतं. आधी सांगायचंस की गं." मग त्यांनी स्वतःच सुचवले, "मग मी असं करते. तिची पावलं वाजली की उठते. तिनं चहा टाकला की खाली जाते. पर इभूत तेवढी लावू दे म्हणावं. तिच्या हातानं लावली तरी चालंल."

कालिंदीबाईंनी फोन पुन्हा मिसेस मेटकाफना द्यायला लावला. गौराबाईंना कोणी मदतनीस समजू नये, असे त्यांनी आधी सांगितले. त्या त्यांच्या घरच्या मालकीण आहेत, आणि आमच्याकडे पाहुणी मालकीण दुसऱ्या घरी गेली की बसून खात नाही, कारण बसून खाल्ले तर त्या घराला परके मानल्यासारखे होते. "त्या पट्ट्यांचा अर्थ इतकाच की आज या शेगडीवर जे शिजेल ते चांगलं शिजो."

मिसेस मेटकाफ म्हणाल्या, "तीस वर्षं मी या शेगडीवर स्वयंपाक करते. इतकी विचारपूस तिची कोणी केली नाही." आणि पुढे, "पहिली मीच उठेन. मग त्या आल्या तर मला चालेल. पण भांडी मी घासणार."

"भांडी तुम्हीच घासा," कालिंदीबाई म्हणाल्या.

गणपतराव आत गेले. पुढचे दहा-बारा दिवस फोन वाजला की ते मान वर करून बघत, पण इंग्लंडहून फोन आला नाही. कालिंदीबाईंनी आपणहूनही केला नाही. करावासा मात्र रोज वाटला.

आण्णा परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कचेरीत आले. अंगावर प्रवासाचा शीण दिसत नव्हता. गणपतरावांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले, पण ते बाहेरच कालिंदीबाईंच्या टेबलासमोर बसले.

"बाई, घर चांगलं बघितलंस," ते म्हणाले. "पूजेला खिडकीखाली पाट. समोर नुसती मेंढरं. ह्या दोघी सकाळी शेगडीपाशी उभ्या, एकीला मराठी येत न्हाई, एकीला इंग्रजी येत न्हाई, आणि चहा थंड हुईस्तोवर बोलत्यात. लेक आली तर तिला म्हणत्यात, तू बाहेर जा, आम्ही बघतो. आमची ही तर माघारी यायला तयार न्हवती."

"त्रास झाला नाही ना, आण्णा, सुरुवातीला?"

"बायकांचं होतं ते. बायकांनी मिटवलं," आण्णा म्हणाले. त्या फोनबद्दल त्यांना कळले होते की नव्हते, ते कालिंदीबाईंना शेवटपर्यंत समजले नाही. जाताना ते गणपतरावांना एवढेच म्हणाले, "ह्या बाईला जपा."

दिवाळीआधी जयसिंगपूरहून सोमशेखर नावाचे दुसरे व्यापारी आले. आण्णांचे शेजारी. त्यांना तेच घर हवे होते, त्याच महिन्यात, त्याच बाईंकडे. गणपतरावांनी त्यांना स्वतः खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "इंग्लंडचं सगळं आमच्या कालिंदीबाई बघतात. त्यांच्याशी बोला."

कालिंदीबाईंनी चहा मागवला आणि अर्धा तास सोमशेखरांशी गप्पा मारल्या. त्यांना माणसांत राहायची आवड होती, संध्याकाळी पत्ते लागत, दुकानातली नोकरमंडळी सकाळी चहा हातात देत तेव्हा ते जागे होत. एकटे बसले की कंटाळत.

"सोमशेखरशेट, ते घर तुमच्यासाठी नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "तुम्ही तिथं तीन दिवसांत कंटाळाल आणि मेटकाफबाईंनाही कंटाळवाल. तुम्ही आमच्या बसनं जा. जूनमध्ये सुटते. पत्त्याला जोडीदार मिळतील."

सोमशेखर हिरमुसले. मग हसले. "आण्णा म्हणाला होता, बाई तोंडावर सांगती म्हणून."

ते बसची पावती करून गेले. हातात आलेले गिऱ्हाईक निसटायचीच वेळ आली होती खरी, पण केबिनमधून गणपतरावांनी ऐकले सगळे आणि मध्ये पडले नाहीत. पुढे कालिंदीबाई निवृत्त होईपर्यंत त्या टेबलावर इंग्लंडची कितीतरी घरे ठरली आणि कितीतरी नाकारली गेली. त्यांनी ज्याला एखादे घर नाकारले, त्याला ते गणपतरावांनी कधीच दिले नाही.