ज्या नावाचं वॉरंट, ते नाव माझं नाही

अपमान झाला तो माझा. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी.

मी कांदे निवडत होतो. मागून कुणीतरी माझं जुनं नाव घेऊन हाक मारली. जातीसकट. धर्मांतरापासून त्या नावाला मी मान वळवलेली नाही. तेव्हाही वळवली नाही. मग मानगूटच धरली गेली.

"काबे, आयकू येत नाई?" शिपाई होता. "वारंट हाय तुया नावाचं."

"ते नाव मायं नाई."

"मंग कोनाचं हाय? म्हशीचं?"

बाजार हसला. मिरच्या विकणारी म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. शिपायानं माझ्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक सायकलच्या कॅरिअरला. तो पायडल मारत पुढे, मी मागे धावत. भर रस्त्यातून, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावरून. त्याच जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर काम करत होतो. माझ्यासोबतचे लोक फाटकात उभे होते. ते बाजूला सरले, सायकलला वाट दिली.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा मनातल्या मनात तसाच पुकारा करेल.

ते नाव आलं कुठून, एवढं सांगतो. आमच्या वस्तीत मूल झालं की बापानं पाटलाच्या अंगणाबाहेर उभं राहून नाव मागायचं, ही गावाची रीत होती. पाटील दात कोरत समोर जे दिसेल ते सांगायचा. माझ्या वेळी त्याला जे दिसलं, ते माझं नाव झालं. शाळेत तेच. मॅट्रिकच्या दाखल्यावर तेच. जिनिंगची नोकरी लागली, बँकेत खातं उघडलं, तिथेही तेच.

मग आम्ही बौद्ध झालो. त्या दिवशी आईनं माझं नवं नाव ठेवलं. स्वतःच्या तोंडानं, कुणालाही न विचारता.

पुढे वस्तीनं वाचनालय बांधायला घेतलं. वर्गणी माझ्या खात्यात जमा केली. टिनपत्र्यांसाठी दुकानदाराला चेक द्यायचा ठरला. आमच्या वस्तीतला तो पहिला चेक. बायाबापे बघायला जमले. एक म्हातारबा म्हणाले, "हळू लिव बाप्पा, कागद महागाचा दिसते." मी छाती काढून सही केली. नव्या नावानं. दुसरं नाव लिहायचं माझ्या मनातही आलं नाही. तिथं जमलेल्या कुणाच्याच आलं नाही. बँकेच्या खात्यात अजून जुन्याच नावाचा माणूस बसला आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. खात्यात पैसे होते, पण ते काढायला जुन्या नावाची सही लागत होती, आणि ती मी करेना. म्हणून वस्तीनं पुन्हा वर्गणी केली, दुकानदाराला रोख दिली, पावती घेतली. पण तोवर त्यानं फसवणुकीची फिर्याद ठोकली होती, आणि ती मागे घ्यायला त्याचे पाय कोर्टाकडे वळले नाहीत.

समन्स निघालं. बँकेनं कळवलेल्या जुन्या नावाचं. पूर्वी असे कागद गावभर पोचवायचं काम आमच्याच लोकांकडे होतं. ते आम्ही सोडलं. नवा कोतवाल आमच्या वस्तीत पाय टाकत नाही. त्यानं समन्स मारुतीच्या देवळाच्या भिंतीला चिकटवलं. त्या देवळात आम्हाला आधी येऊ देत नव्हते, आता आम्ही जात नाही. कागद तिथेच वाळला. आरोपी हजर नाही म्हणून वॉरंट निघालं. ते पडून राहिलं, आणि त्या दुपारी बाजारात माझ्या कमरेला बांधलं गेलं.

तालुक्याच्या कोर्टात कारकून मला बाजूला घेऊन म्हणाला, "पावती हाये ना तुयापाशी? मंग कायले डोकं खराब करतं? पुकारा झाला का हजर म्हन. सायब वारंट रद्द करते. मोकळा."

आई दाराशी फडक्यात भाकर घेऊन उभी होती. गावापासून चालत आली होती. ती हळूच म्हणाली, "म्हन ना पोरा. मी आयकलंच नाई असं समजीन."

मला नाव देणारी बाई असं म्हणत होती. दोरीनं झालं नाही ते मला तिथं झालं. हजर म्हणून टाकावं, असं वाटलं.

पुकारा झाला. तीनदा. जातीसकट. मी कोर्टासमोर उभा, आणि गप्प.

"समोर उभा आहेस आणि बोलत नाहीस?" मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"सायब, दुकानदारानं ज्या सहीचा चेक घेतला, त्या नावानं पुकारा करा. मी हजर आहे."

त्यांनी कागद चाळले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ठीक. जुनं नाव, उर्फ नवं नाव, असं लिहितो. सही कर आणि घरी जा."

उर्फ. दरोडेखोराच्या नावात असतं तसं. म्हणजे खरा मी तोच, पाटलाच्या अंगणातला, आणि आईनं दिलेलं नाव हा माझा वेश.

"नाही," मी म्हणालो.

"मग आत बसावं लागेल."

"बसतो."

आईनं भाकर शिपायाच्या हातात दिली. त्याला म्हणाली, "माया पोराले दे." आणि माझं नाव घेतलं. नवं. अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्या हाकेला मी ओ दिली.

हे मी तुरुंगातून लिहितो आहे. वॉरंट रद्द झालेलं नाही. जिनिंगनं माझ्या जागी दुसरा माणूस घेतला, असा निरोप आला. इथेही हजेरीला ते जुनं नाव रोज घेतात. रोज मी गप्प बसतो, आणि रोज मला शेवटी जेवायला मिळतं.

तुम्ही वाचताय, तुमचंही असं एक नाव कुठे तरी बसलं असेल. शाळेत, चावडीत, बँकेत. जा, ते खोडून घ्या. खोडत नाहीत? मग माझ्या पुढच्या तारखेला कोर्टात या. सगळे या, दार अडेल इतके या. शिपाई ते नाव पुकारेल. तुमच्यापैकी कुणाचं तेच नाव असेल.

ओ देऊ नका.