आईचे दहा गुण

माझ्या मुलीला सुदृढ बालक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा प्रमाणपत्रावर आईच्या जागी शेजारणीचं नाव होतं. ते मीच लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचो आणि मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. बाळंतपणाची रजा संपली तशी सुजाताला शेजारच्या मोहिनीदीदीकडे ठेवलं. ठेवलं म्हणजे रीतसर! सोबत बावीस कलमांची यादी दिली. कलम एक: आठ दहाला आईला टाटा, रडणे नको. कलम नऊ: उगाच कडेवर घेऊ नये, सवय लागते. दीदी सिंधी, तिला मराठी वाचता येत नव्हतं. (हे मला सात महिन्यांनी कळलं.) तिने यादी भिंतीला चिकटवली आणि पोरीला कडेवर घेतलं ते घेतलंच.

विहारातल्या महिला मंडळाची मी चिटणीस, त्यामुळे स्पर्धेचे नियमही माझेच. वजन, दात, लशी, सगळ्याला गुण. शेवटी माझं खास कलम: आईने हाक मारताच बाळ रांगत तिच्याकडे गेलं, तर दहा गुण. हे दहा तर घरचेच! रविवारी सुजाता सारखी माझ्याकडे रांगत यायची. (म्हणजे दीदीच्या दाराकडे जायची, वाटेत मी असायचे.)

स्पर्धेच्या दिवशी सुजाताला सतरंजीच्या मधोमध बसवलं. समोर मी, हातात खुळखुळा.

"सुजाता, ये! आईकडे ये!"

उशिरा आलेला कामगार टाइमकीपरकडे बघतो, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघून खुदकन हसली. मागे, चपलांपाशी, दुधाची बाटली धरून दीदी बसली होती.

"दीदी, तुम जरा बाहर जाओ ना!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

दीदी उठली मात्र, सुजाताने असा टाहो फोडला की बाकीची अकरा बाळंही सुरू झाली!

"अरे, क्यों रुलाती है बच्ची को?" दीदी परत खाली बसली. "अच पुट, अच!" (म्हणजे सिंधीत, ये बाळा, ये.)

पोरगी माझ्या साडीचा काठ तुडवत, मला वळसा घालून गेली आणि दीदीच्या खांद्यावर डोकं टेकून गप्प झाली.

"वा! याला म्हणतात आई!" परीक्षक डॉक्टर म्हणाले. "दहापैकी दहा!"

"डॉक्टर, आई मी आहे."

"तुम्ही? तुम्ही चिटणीस ना?"

पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्या वेळा लिहून ठेवल्यास गं, तुझीच तेवढी राहिली."

नियम बारा: परीक्षकांचा निर्णय अंतिम. तोही माझाच! पेन काढलं आणि प्रमाणपत्र लिहिलं.

बक्षिसाचा स्टीलचा डबा दीदीने माझ्या हातात ठेवला. "रख ले. माँ तो तू ही है ना." तिने मनापासून म्हटलं, म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात पोळी-भाजी भरून निघाले. दीदीच्या कडेवरून सुजाता हात हलवत होती. रडणं नाही, हट्ट नाही, आणि घड्याळात बरोबर आठ दहा. बावीस कलमांतलं एक तरी पोरीला पाठ झालं होतं!